तारण जप्त होते का?

टेंभी नाका म्हटले की ठाणेकराला प्रथम आठवते ती नवरात्रातली देवी आणि दर्शनाची रांग. पण याच परिसरात, जरा इकडेतिकडे चालत गेले, की ख्रिस्ती ठाण्याच्या दोन जुन्या खुणा भेटतात. मासुंदा तलावाजवळचे, पोर्तुगीज परंपरेतले सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च कॅथॉलिकांचे. दुसरे सेंट जेम्स, १८२५ साली बिशप हेबर यांच्या हस्ते समर्पित झालेले अँग्लिकन चर्च, आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. एका प्रश्नावर मात्र या दोन परंपरा शतकानुशतके वेगवेगळे बोलत आल्या आहेत. एकदा मिळालेले तारण माणूस गमावू शकतो का?

'तारण' हा शब्द मोठा गमतीचा आहे. बँकेत तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेले दागिने किंवा घर. हप्ते थकले की जप्ती. मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी तारण म्हणजे पापातून सुटका, आणि तिची किंमत येशूने आधीच चुकती केलेली. मग माणूस पुन्हा घसरला, तर हेही तारण जप्त होते काय? प्रश्न पोथीतला वाटेल. पण मुलगा व्यसनापायी चर्चपासून तुटला आहे, अशा आईची झोप तो उडवतो.

खुद्द ठाण्याच्या इतिहासात या प्रश्नाची एक बाजू लखलखीत दिसते. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन या बंदरात उतरले होते. काझीसमोर धर्मावर वाद झाला, जिवावर बेतले, तरी त्यांनी आपला विश्वास सोडला नाही. चौघेही मारले गेले. पुढे ओडोरिक या प्रवाशाने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. ते टिकले. पण जे टिकत नाहीत, त्यांचे काय?

हा पेच तिसऱ्या शतकात कार्थेजला पडला होता. सम्राट डेशियसच्या हुकमापुढे अनेक ख्रिस्ती वाकले. कुणी देवतांना बळी दिला, कुणी तसे खोटे दाखले विकत घेतले. छळ ओसरल्यावर ते रडत परतले. रोमचा नोव्हेशियन म्हणाला, यांना चर्चचे दार बंद. कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी २५१ मध्ये प्रायश्चित्तानंतर दार उघडण्याची बाजू घेतली, आणि चर्चने तीच मानली. हेच सिप्रियन २५८ मध्ये स्वतः हुतात्मा झाले, तेव्हा त्यांच्या मवाळपणाला भित्रेपणा म्हणायची सोय नाही.

पुढे वाटा फुटल्या. कॅथॉलिक शिकवण सांगते, जाणूनबुजून केलेल्या गंभीर पापाने कृपा गमावते. पश्चात्ताप आणि पापांची कबुली यांनी ती परत मिळते. कॅल्विनच्या अनुयायांनी १६१८-१९ च्या डॉर्ट परिषदेत ठरवले, की देवाने धरलेला माणूस पडेल, पण कायमचा सुटणार नाही. मेथॉडिस्टांचे जॉन वेस्ली यांना हे पटले नाही. माणूस आपण होऊन हात सोडवून घेऊ शकतो, असे ते म्हणत. गंमत अशी, की १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा प्रेस्बिटेरियन आणि मेथॉडिस्ट अशा दोन्ही परंपरांची मंडळी त्यात एकत्र आली. वाद मिटण्याची वाट न पाहता त्यांनी एका मेजावर भाकर मोडली.

बायबलही दोन्ही सुरांत बोलते. योहानाच्या शुभवर्तमानात मेंढपाळाच्या हातातून मेंढरू कुणी हिसकावू शकत नाही; इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात मागे फिरणाऱ्याला कडक इशारा आहे. आमच्या मते ही दोन औषधे दोन रोगांवरची आहेत. इशारा बेफिकीर माणसासाठी, दिलासा भेदरलेल्यासाठी. अदलाबदल झाली, तर बेफिकीर अधिकच निर्ढावतो आणि भेदरलेला खचून जातो.

म्हणून त्या आईला 'तुझ्या मुलाचे तारण गेले' असे सांगण्याचा अधिकार कुणी घेऊ नये; आणि 'काही होत नाही' अशी खोटी हमीही देऊ नये. परत आलेल्याला दाराबाहेर ठेवायचे नाही, एवढे तर सिप्रियनपासून ठरलेलेच आहे. आजचे चर्च, आणि त्याचे घर, ते पाळते का, हे आधी विचारायला हवे.