मानखुर्दचे आवाज आणि घरचे दप्तर

हार्बर मार्गावरील मानखुर्द हे १९९२ साली वाशीपर्यंत लोकल धावू लागली तोवर त्या दिशेचे अखेरचे स्थानक होते, आणि महानगराच्या मध्यवस्तीत ज्यांना जागा मिळाली नाही किंवा मिळालेली जागा ज्यांना सोडावी लागली, अशा असंख्य कुटुंबांची वाट त्यापूर्वी आणि त्यानंतरही येथेच येऊन थांबत आली आहे. रेल्वेमार्गालगतच्या झोपड्या हटल्यानंतर ज्यांचे पुनर्वसन झाले त्यांपैकी कितीतरी कुटुंबे लल्लूभाई कंपाउंडच्या इमारतींत, २२५ चौरस फुटांच्या घरांत राहतात. महाराष्ट्र नगर, मंडाळे या वस्त्यांची घडणही अशीच ठिकठिकाणाहून आलेल्या माणसांनी झाली आहे. या घरांतील वयोवृद्ध स्त्रियांपैकी अनेकींचे बालपण मराठवाड्यात, सोलापुराकडे, साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात गेले, पहाटे जात्यावर बसून त्यांनी आईच्या आणि सासूच्या मुखातून ओव्या उचलल्या, आणि मुंबईला येताना जाते गावी राहिले तरी ओव्या मात्र त्यांच्याबरोबर आल्या. खाडीच्या अंगाला तुर्भ्याच्या कोळीवाड्यात, ही सारी वस्ती उभी राहण्याच्या कितीतरी आधीपासून, माणसे नांदत आली आहेत. आगरी-कोळी समाजात लग्नविधीच्या वेळी धवलारीण जे धवले गाते ते एका बाईच्या कंठातून दुसरीच्या कंठात जात टिकलेले गाणे आहे.

हे आवाज आज ऐकून घेतले नाहीत तर पुढे ते ऐकावयास मिळणार नाहीत, हे सांगण्यास भविष्यवेत्त्याची गरज नाही. परंतु ते जतन करण्यासाठी विद्यापीठाची, आकाशवाणी केंद्राची किंवा सरकारी अनुदानाची वाट पाहण्याचेही आता कारण उरलेले नाही. तळहातात मावणारा डिजिटल रेकॉर्डर आणि मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला घरचा संगणक ही दोन साधने एकत्र आली की एखादे सामान्य कुटुंबही हे काम पार पाडू शकते. अट एकच, आणि या लेखाचा सारा भर तिच्यावर आहे: रेकॉर्डरने जे टिपले त्याचे रीतसर दप्तर संगणकावर उभे राहिले पाहिजे.

याचा आपल्या भाषेतील सर्वोत्तम दाखला म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी पुण्याच्या सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेच्या द्वारे १९८०च्या दशकात हे कार्य हाती घेतले, आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या साहाय्याने महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतील स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. प्रारंभी ओव्या केवळ लिहून घेतल्या जात. पुढे बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगणकतज्ज्ञ आणि संगीतसंशोधक त्यांना येऊन मिळाले आणि १९९०च्या दशकात सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. परभणी जिल्ह्यातील ताडकळस येथे गंगुबाई अंबोरे यांनी गायिलेल्या ओव्या आणि बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीत बायकांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्या १९९६ सालच्या त्या ध्वनिमुद्रणांत आहेत. प्वातवँ २००४ साली निवर्तले आणि हेमाताई २०१० साली निवर्तल्या, तरी काम थांबले नाही; पी. साईनाथ यांनी स्थापिलेल्या पारी या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने हा ठेवा स्वीकारला आणि २०१७ पासून तो लोकांसमोर मांडण्यास प्रारंभ केला.

या कामातील मला सर्वाधिक मोलाची वाटणारी गोष्ट पुढची आहे. पारीचे कार्यकर्ते वीस वर्षांनंतर त्याच गावांत परत जाऊ शकले, त्यांतील काही गायिकांना पुन्हा भेटू शकले, ज्या हयात नव्हत्या त्यांच्या कुटुंबीयांना त्यांचा आवाज ऐकवू शकले. हे कशामुळे शक्य झाले? प्रत्येक ओवीपुढे गायिकेचे नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि विषय यांची नोंद संगणकातील कोष्टकात केलेली होती म्हणून. ती नोंद नसती तर १२० तासांचे ते ध्वनिमुद्रण म्हणजे खातेदाराचे नाव नसलेला सातबाराच ठरले असते: जमीन आहे, पण ती कोणाची हे सांगता येत नाही.

कागदावरील संग्रहांचे ऋण आपण विसरू नये. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’ या संग्रहात ओव्या एकत्र केल्या नसत्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे एवढे खंड सिद्ध केले नसते, तर आपली अवस्था फार दरिद्री झाली असती. तथापि लिहून घेतलेल्या ओवीत शब्द येतात आणि ज्याला बायका गळा म्हणतात ती चाल सुटते. चरणाची पुनरावृत्ती, मध्येच घातलेले ‘बाई’, श्वास घेण्याची जागा, दुसरीने उचललेली साथ, हे सारे लेखणीच्या टप्प्याबाहेर राहते. बोलीची गोष्ट तर याहून नाजूक आहे. परभणीकडच्या बाईच्या तोंडातील स्वर देवनागरीत यथातथ्य उतरत नाही, आणि उतरविणारा शहरी शिकलेला असला तर तो नकळत ती भाषा शुद्ध करून टाकतो. यंत्र अशी सुधारणा करीत नाही. राज्य मराठी विकास संस्था आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण हाती घेतले त्यात प्रत्यक्ष बोलणाऱ्यांचे मुद्रण करून ते सर्वांस खुले करण्यावर भर दिला गेला, तो याच कारणाने.

आता या यंत्राचे कार्य थोडे समजून घेऊ. आवाज म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. मायक्रोफोन त्यांचे विजेच्या चढउतारांत रूपांतर करतो, आणि रेकॉर्डर त्या विजेची ठरावीक अंतराने मोजदाद करून प्रत्येक मोजमाप एका संख्येच्या रूपाने लिहून ठेवतो. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा करण्याचे ठरले, कारण मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो आणि कोणतेही कंपन नेमके पकडावयाचे तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी करावी लागते. प्रत्येक मोजमापासाठी १६ बिट वापरले म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांची पट्टी हाती येते. २४ बिट वापरले तर पायऱ्या एक कोटी सदुसष्ट लाखांवर जातात आणि अतिशय हलका आवाजही स्वच्छ राहतो. म्हणून ज्या वृद्धेचा आवाज कधी पुटपुटण्याइतका खाली जातो आणि कधी एकाएकी चढतो, तिच्यासाठी २४ बिट निवडावेत.

पूर्वीच्या चुंबकीय फितीला थोडा अधिक आवाज सोसत असे. डिजिटल यंत्राला तो सोसत नाही. पट्टीच्या सर्वोच्च पायरीवर ध्वनी आदळला की त्याचे शिखर सपाट कापले जाते, आणि एकदा कापलेले शिखर संगणकावर कोणत्याही युक्तीने परत जोडता येत नाही. पडद्यावरील मापक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढाच आवाज घ्यावा. हलका झालेला आवाज मागाहून उचलता येतो.

लल्लूभाई कंपाउंडसारख्या इमारतीतील खोलीत मुद्रण करणाऱ्याला स्टुडिओतील कृत्रिम शांतता मिळणार नाही. लोकलचा खडखडाट, घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावरील अवजड मोटारींची घरघर, शेजारच्या कुकरची शिटी, आणि चार उघड्या भिंतींवरून परत येणारा घुमारा, यांत काम करावे लागते. पंखा बंद करावा, खिडकीकडे पाठ करून बसावे, भिंतीवर गोधडी टांगावी किंवा कपड्यांच्या कपाटाजवळ बैठक घालावी. घुमारा पुष्कळच कमी होतो. अवजड वाहनांची घरघर बहुतांशी शंभर कंपनांच्या खालची असते, आणि बहुतेक रेकॉर्डरमध्ये तेवढा खालचा ध्वनी गाळण्याची सोय असते; बायकांचा आवाज त्याहून वरचा असल्याने या गाळणीने त्याची हानी होत नाही. यंत्र हातात धरू नये, कारण बोटांची हालचालही त्यात उमटते; घडी केलेल्या कापडावर, तोंडापासून हात-दीड हात अंतरावर, किंचित बाजूला ठेवावे. जाते असेल तर फारच उत्तम, कारण खुंट्याला हात लागला की विसरलेल्या ओव्या आठवू लागतात. मात्र यंत्र त्याच फरशीवर टेकवू नये.

आणि गप्प राहावे. मुद्रण करणाराच मध्ये बोलत राहिला तर ध्वनिफितीत त्याचाच आवाज अधिक सापडतो.

बाई गाऊन उठली म्हणजे मुद्रण संपले असे बहुतेकांस वाटते, परंतु खरे काम त्यानंतर घरी सुरू होते. फितीच्या काळात हे काम जिकिरीचे होते: १२० तासांच्या फिती संगणकात उतरवायच्या तर १२० तासच लागत, आणि १९९२ साली निघालेल्या मिनिडिस्कवरील ध्वनीही अनेकांना वायर जोडून, वाजवीत वाजवीत, उतरवावा लागे. आजचा रेकॉर्डर यूएसबीच्या तारेने जोडला की संगणकाला तो एक साधा फोल्डर म्हणून दिसतो आणि तासाभराचे मुद्रण काही मिनिटांत येऊन पडते. ही सुलभताच घातक ठरू शकते, कारण उतरविणे जेवढे सोपे तेवढेच पुसणेही सोपे. फाइली संगणकावर उघडून, ऐकून, दुसरीकडे नक्कल करून मगच कार्ड रिकामे करावे.

मुद्रण वेव्ह स्वरूपात करावे, एमपी-थ्रीमध्ये नव्हे. एमपी-थ्री ध्वनीतील काही अंश कायमचा टाकून देते. दोन वाहिन्यांचे सीडीच्या दर्जाचे वेव्ह मुद्रण मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट, म्हणजे तासाला सव्वासहाशेच्या आसपास जागा घेते. ३२ गिगाबाइटच्या नखाएवढ्या कार्डात असे सुमारे ५० तास मावतात आणि ओव्यांच्या प्रकल्पाचे सारे १२० तास १२८ गिगाबाइटच्या एकाच कार्डात बसून जागा उरेल. एवढी जागा आज अल्प मोलात मिळत असता काटकसर कशासाठी? नातेवाइकांना फोनवर पाठविण्यासाठी एमपी-थ्री नक्कल खुशाल करावी.

मूळ प्रत आणि नक्कल यांतील भेद जुन्या कारकुनाइतक्याच कसोशीने पाळावा. मूळ प्रतीत एका क्षणाचाही फेरफार करू नये. खोकला काढणे, आवाज उचलणे, दोन ओव्या वेगळ्या करणे ही कामे नकलेवर करावीत. त्यासाठी ऑडॅसिटी हा विनामूल्य प्रोग्राम पुरेसा आहे. तो २००० सालापासून उपलब्ध आहे आणि साध्या संगणकावर चालतो.

नोंदीबद्दल तपशिलाने सांगणे भाग आहे. यंत्र आपल्या फाइलींना स्वतःच काही क्रमांक देते; ते क्रमांक सहा महिन्यांनी कोणालाही काही सांगत नाहीत. शिवाय बॅटरी काही काळ काढून ठेवली की कित्येक यंत्रांचे घड्याळ मूळपदावर जाते आणि त्यानंतरच्या मुद्रणांवर भलतीच तारीख पडते, म्हणून प्रत्येक वेळी आरंभी तारीख, स्थळ आणि गायिकेचे नाव मोठ्याने उच्चारावे. फाइलीचे नाव वर्ष, महिना, दिवस या क्रमाने द्यावे, म्हणजे संगणक ती आपोआप कालानुक्रमे लावतो. सोबत एका कोष्टकात गायिकेचे माहेर आणि सासर, दोन्हींचे तालुके आणि जिल्हे, अंदाजे वय, कोणाकडून शिकली, मानखुर्दला कधी आली, ओवीचा विषय, हे त्याच संध्याकाळी लिहावे. माहेराचे गाव कोणी विसरू नये. ओवी बहुधा माहेरची असते.

संमतीचा प्रश्न शिष्टाचारापुरता नाही. कॉपीराइट कायद्यातील १९९४च्या दुरुस्तीने गाणाऱ्यालाही कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क मिळाला आहे, तेव्हा मुद्रण कशासाठी, कोण ऐकेल, जाहीर होईल की नाही, हे तिला तिच्या भाषेत सांगून तिचा होकार मुद्रणातच घ्यावा. जात्याजवळ बाई सासरच्या छळाचे, मेलेल्या लेकराचे दुःखही गाते. ते साऱ्या जगाने ऐकावे अशी तिची इच्छा असेलच असे नाही, आणि तिचा नकार हा हुकमाप्रमाणे मानला पाहिजे.

प्रती किमान तीन असाव्यात, आणि त्यांतील एक मुंबईबाहेर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा उपनगरांतील घराघरांतून पुस्तके, छायाचित्रे, कॅसेटी चिखलात गेल्या. हार्ड डिस्क पाण्याविनाही बंद पडते. म्हणून एक प्रत संगणकावर, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी गावाकडच्या भावाच्या किंवा बहिणीच्या हवाली करावी. ज्या गावातून ओवी आली त्याच गावी ती परत गेली तर त्याहून योग्य काय असेल? वर्षातून एकदा तिन्ही प्रती उघडून पाहाव्यात.

मानखुर्दमध्ये महिला मंडळे आहेत, बचत गट आहेत, अभ्यासिका आहेत, महाविद्यालयात जाणाऱ्या नाती आहेत. माझी त्यांना विनंती आहे की एका मंडळाने मिळून एक रेकॉर्डर विकत घ्यावा, तो घरोघरी फिरवावा, आणि एखाद्या विश्वासू घरच्या संगणकावर नोंदींचे कोष्टक ठेवावे. ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढची आजी आहे त्यांच्यापासून सुरुवात करावी, आणि ती येत्या दिवाळीच्या आत करावी.