तळव्यावरचा भार

मधुमेह्याच्या पायाच्या जखमेवर कोणते मलम लावावे, हा प्रश्न ड्रेसिंगच्या टेबलापाशी सर्वांत आधी विचारला जातो, पण उपचारांच्या क्रमात त्याचे स्थान बरेच मागे आहे. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या संवेदना वाहणाऱ्या नसा निकामी होत जातात; चालताना पायातली चप्पल केव्हा निसटली हेही ज्याला कळत नाही, त्याला तळव्यात रुतलेला खडा किंवा भर दुपारी तापलेली देवळाची फरशी कशी जाणवणार? चवड्याच्या हाडाखाली, जिथे प्रत्येक पावलाचा भार पडतो, तिथली कातडी जाड होऊन घट्टा तयार होतो आणि तो आतले मांस दाबत राहिल्याने त्याच्याखाली जखम होते.

म्हणून तपासणीत संवेदनेबरोबर रक्तपुरवठाही पाहावा लागतो. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्यावर टेकवला असता तो जाणवला नाही, तर संरक्षक संवेदना गेली असे समजतात. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाच्या ०.९ पटीहून कमी भरला, तर पायाच्या रोहिणीत अडथळा असल्याचा संशय येतो. मधुमेहात रोहिण्यांत चुना साचून त्या कडक होतात आणि हा आकडा फसवा वाढतो, त्यामुळे अंगठ्याचा रक्तदाबही मोजणे शहाणपणाचे ठरते. अडथळा मोठा असेल तर अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून रक्त पोहोचवल्याखेरीज जखम भरून येणे कठीण असते.

यानंतर येते ते निकामी ऊतींचे उच्छेदन, म्हणजे मेलेले मांस आणि घट्टा काढून टाकणे. शल्यचिकित्सक धारदार पात्याने घट्ट्याच्या चकत्या काढत जातो, आणि काठाशी ताज्या रक्ताचे बारीक टिपके दिसू लागले की थांबतो. जखमेत घातलेली बोथट सळई हाडाला टेकली, तर हाडातही जंतुसंसर्ग असण्याची शक्यता बळावते. संवेदना गेलेल्या पायाला या कामासाठी बहुधा भूल द्यावी लागत नाही. रुग्ण शेजारच्याशी बोलत राहतो, आणि पाहणाऱ्याला हीच गोष्ट सर्वांत अस्वस्थ करते.

एवढे करूनही रुग्ण त्याच पायावर चालत घरी गेला, तर सारे कष्ट फुकट जातात. बधिर पायाची जखम दाबामुळे टिकते, हे भारतात कुष्ठरुग्णांच्या पायांवरून कळले. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी असे पाय प्लास्टरमध्ये ठेवून त्यांच्या जखमा भरून आणल्या. तीच पद्धत पुढे मधुमेही पायासाठी रूढ झाली. हाडांच्या उंचवट्यांवर नमदा आणि बोटांमध्ये कापूस ठेवून, तळव्याला आणि पोटरीला सर्व बाजूंनी चिकटेल असे प्लास्टर घडवतात, त्यामुळे एका बिंदूवरचा भार साऱ्या तळव्यावर आणि काही अंशी पोटरीवर वाटला जातो. सूज उतरली की प्लास्टर सैल होऊन घासते, म्हणून पहिले लवकर बदलतात, पुढची साधारण दर आठवड्याला. रक्तपुरवठा फार कमी असेल किंवा खोल जंतुसंसर्ग असेल, तर ते घालू नये.

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत १२ आठवड्यांत अशा प्लास्टरने सुमारे ९० टक्के जखमा भरल्या, तर काढता येणाऱ्या बुटाने ६५ टक्के. दुसऱ्या एका पाहणीत असा काढता येणारा बूट रुग्णांच्या एकूण पावलांपैकी जेमतेम २८ टक्के पावलांना पायात असल्याचे आढळले. यात रुग्णाला दोष देणे अन्यायाचे आहे, कारण जी जखम दुखतच नाही तिच्यासाठी घरातल्या घरात जड बूट घालून वावरण्याची आठवण शरीर करून देत नाही.

जखमेवर उणा दाब देणारे यंत्र, दाबाखालील प्राणवायू, वाढीचे घटक असलेली जेल हे उपाय निवडक रुग्णांना उपयोगी पडतात, पण वरच्या पायऱ्या गाळून त्यांवर पैसे खर्च करणे योग्य नाही. चार आठवड्यांत जखमेचे क्षेत्रफळ निम्मे झाले नाही, तर उपचारांचा फेरविचार करावा.

भरलेली जखम वर्षभरात सुमारे ४० टक्के रुग्णांत पुन्हा उद्भवते, तेव्हा मऊ तळाची पादत्राणे घरातही वापरावीत आणि रोज रात्री तळव्याखाली आरसा धरून, किंवा घरातल्या कुणाकडून, पाय पाहून घ्यावा.