संगणक सुरूच होत नाही? ‘फॉरमॅट’ म्हणण्यापूर्वी हे तपासा

पावसाळ्यात गोव्यातील अनेक घरांत येणारा हा अनुभव आहे. रात्री विजांचा कडकडाट होतो, दिवे दोन-चार वेळा लुकलुकतात आणि सकाळी संगणकाचे बटण दाबावे तर काहीच घडत नाही. संगणक ‘गेला’ असे समजून आपण तो थेट दुरुस्तीला नेतो. वास्तविक दोष बऱ्याचदा किरकोळ असतो आणि तो कोठे आहे याचा अंदाज घरच्या घरी बांधता येतो. त्यासाठी ‘सुरू होत नाही’ म्हणजे नेमके काय होते, हे आधी पाहावे लागते.

पंखा नाही, दिवाही नाही

अशा वेळी संशय विजेच्या मार्गावर घ्यावा. त्याच सॉकेटला टेबललॅम्प लावून वीज येते का ते पाहावे. मध्ये यूपीएस किंवा एक्स्टेन्शन बोर्ड असल्यास तो वगळून संगणक थेट भिंतीवरील सॉकेटला जोडावा. यूपीएसची बॅटरी काही वर्षांत क्षीण होते आणि दोष मात्र संगणकाच्या माथी येतो. कॅबिनेटच्या मागे, जेथे वीजतार लागते तेथे, बहुधा एक छोटा स्विच असतो. साफसफाईत तो चुकून बंद झालेला असू शकतो.

एवढ्याने भागले नाही, तर तार काढून सुरू करण्याचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरावे. आत साठून राहिलेला विद्युतभार त्यामुळे निघून जातो. विजेच्या धक्क्यानंतर स्वतःला बंद करून घेतलेला एसएमपीएस कधीकधी इतक्यानेच पूर्ववत होतो. तरीही हालचाल नसेल तर एसएमपीएस बदलून पाहावा लागेल. तो स्वतः उघडण्याचे धाडस मात्र कदापि करू नये. तार काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास दाब काही काळ राहू शकतो.

पंखा फिरतो, पडदा काळा

प्रथम मॉनिटरची तार तपासावी. संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर तार त्याच कार्डाला जोडलेली हवी, मदरबोर्डला नव्हे. त्यानंतर रॅमकडे वळावे. किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर सूक्ष्म थर बसतो. वीजपुरवठा पूर्ण तोडून, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. मग रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या स्वच्छ खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात, रबराचा चुरा झटकावा आणि दोन्ही खटके बसेपर्यंत ती नीट दाबावी. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहावी.

बटण दाबल्यावर ‘बीप’ ऐकू येत असतील तर त्यांची संख्या आणि लांबी लिहून ठेवावी. त्यांचा अर्थ मदरबोर्डगणिक वेगळा असतो. तो माहितीपुस्तिकेत सापडतो आणि तंत्रज्ञालाही उपयोगी पडतो. मदरबोर्डवरील एखादा कपॅसिटर फुगलेला दिसला तर पुढचे काम त्याच्यावरच सोपवावे.

नाममुद्रा दिसते, पण विंडोज उघडत नाही

सर्वप्रथम पेनड्राइव्ह आणि बाहेरील डिस्क काढाव्यात. संगणक कदाचित त्यांवरूनच सुरू होण्याचा प्रयत्न करीत असेल. दरवेळी तारीख व वेळ मागे जात असेल तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची तीन व्होल्टची बॅटरी संपली आहे. तिचा क्रमांक बहुधा सीआर २०३२ असतो. जुन्या संगणकात ही बॅटरी संपल्यास जपून ठेवलेली मांडणी पुसली जाते आणि कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे हेच यंत्र विसरते. ती स्वस्त असते आणि सहज बदलता येते. बायोसच्या यादीत डिस्कचे नाव दिसते का, तेही पाहावे. नाव दिसत नसेल तर डिस्कच्या तारा पुन्हा घट्ट बसवाव्यात. हार्ड डिस्कमधून ‘टक-टक’ आवाज येत असेल तर संगणक तत्काळ बंद करावा. वारंवार सुरू करून पाहिल्यास उरलेली माहितीही हातची जाऊ शकते.

यंत्रापेक्षा माहिती मोलाची

एसएमपीएस जळला किंवा मदरबोर्ड निकामी झाला म्हणून डिस्कवरील माहिती नष्ट होतेच असे नाही. तीच डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून मुलांची छायाचित्रे, दुकानाचे हिशेब, घराची कागदपत्रे बहुधा काढून घेता येतात. म्हणून संगणक दुरुस्तीला देताना ‘मला विचारल्याविना फॉरमॅट करू नका’ असे स्पष्ट सांगावे, शक्यतो पावतीवर लिहून घ्यावे. नव्या विंडोजमध्ये डिस्क कूटबद्ध असू शकते. मदरबोर्ड बदलल्यावर ती रिकव्हरी की मागते, तेव्हा ही की आधीच कागदावर उतरवून ठेवावी.

गडगडाट सुरू होताच केवळ स्विच बंद करून थांबू नये. विजेची पिन काढावी आणि इंटरनेटची तारही काढावी, कारण विजेचा लोट त्या वाटेनेही आत शिरतो. घरातील अर्थिंग एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. आणि महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरील डिस्कवर ठेवून ती डिस्क संगणकापासून वेगळी काढून ठेवावी. मग एखाद्या सकाळी संगणक खरोखरच उठला नाही, तरी नुकसान केवळ यंत्राचेच होईल.