मनातील मरणविचार डॉक्टरांपासून लपवू नका

आत्महत्या हा शब्द उच्चारला की मराठवाड्यात डोळ्यांसमोर शेतकऱ्याचे घर येते. ते स्वाभाविकही आहे. परंतु राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालातील २०२० सालचे आकडे व्यापारी कुटुंबांनीही एकदा शांतपणे वाचावेत. त्या वर्षी देशात शेतीक्षेत्रातील १०,६७७ जणांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे, तर व्यवसाय करणाऱ्यांची संख्या ११,७१६ होती. आदल्या वर्षी, म्हणजे २०१९ मध्ये, व्यवसाय करणाऱ्यांचा हा आकडा ९,०५२ होता. अशा मृत्यूंमागे कधीच एक कारण नसते. कर्ज, आजार, घरातील ताण, व्यसन आणि उपचार न झालेले नैराश्य यांचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. मात्र गुलमंडीची पेढी असो वा मोंढ्यातील आडत, हा प्रश्न आपल्या उंबरठ्याबाहेरचा आहे, असे आता म्हणता येणार नाही.

अशा अवस्थेतील पुष्कळ माणसे डॉक्टरांपर्यंत पोहोचतात. तेथे ती झोप येत नाही, छातीत धडधडते, अन्नावर वासना नाही, दुकानात लक्ष लागत नाही, असे सारे सांगतात. “जगूच नये असे वाटते” हे वाक्य मात्र ओठांपर्यंत येऊन परत जाते. डॉक्टर समोर आलेल्या तक्रारींवर औषध देतात, रुग्ण घरी येतो आणि मुख्य दुखणे होते तेथेच राहते.

हे एक वाक्य सांगितल्याने नेमके काय बदलते, हे समजून घेतले पाहिजे. असे विचार असल्याचे कळले की मानसोपचारतज्ज्ञ पुढील प्रश्न विचारतात: विचार किती वेळा येतात, काही बेत ठरला आहे का, पूर्वी असा प्रयत्न झाला होता का, मद्यपान आहे का, घरात सोबत कोण असते. या उत्तरांवर उपचारांची दिशा ठरते. पुढची भेट महिन्याने ठेवायची की चार दिवसांनी, कोणते औषध द्यायचे, ते एका वेळी किती दिवसांचे द्यायचे आणि घरात कोणाच्या हाती सोपवायचे, हे सारे त्यावर अवलंबून असते. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसायला साधारणतः काही आठवडे लागतात. तरुण रुग्णांवर तर सुरुवातीच्या आठवड्यांत अधिक लक्ष ठेवावे लागते. डॉक्टरांना मरणविचारांची कल्पनाच नसेल, तर ही काळजी घेतली जाणार कशी? आपल्या हिशेबनिसापुढे अर्ध्याच वह्या ठेवून पक्का ताळेबंद मागता येत नाही, तसेच हे आहे.

डॉक्टर रुग्णासोबत एक ‘सुरक्षा आराखडा’ही तयार करतात. विचार बळावू लागल्याची लक्षणे कोणती, त्या वेळी स्वतः काय करायचे, कोणाला फोन करायचा, कोणत्या रुग्णालयात जायचे आणि घरातील कोणत्या धोकादायक वस्तू दूर ठेवायच्या, हे त्यात एका कागदावर लिहिलेले असते. मरणविचारांची तीव्र लाट बहुधा कायम टिकत नाही. ती ओसरेपर्यंतचा वेळ सुरक्षित जावा, यासाठी हा कागद असतो. “असे विचार येतात का?” असे विचारल्याने ते मनात रुजतात, ही समजूतही चुकीची आहे. विचारल्याने धोका वाढत नाही. उलट बहुतेकांना कोणीतरी विचारले म्हणून हलके वाटते.

मग माणसे बोलत का नाहीत? पहिली भीती कायद्याची. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होती. मुंबई पोलीस दलातील मारुती श्रीपती दुबळ या मानसिक आजार जडलेल्या शिपायावर असाच खटला झाला. त्या प्रकरणात १९८६ साली न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ते पुन्हा ग्राह्य मानले. पुढे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आला आणि २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे, तिच्यावर खटला चालवू नये आणि तिला उपचार द्यावेत, असे त्याचे कलम ११५ सांगते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ उरलेलेच नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. आणि मनात विचार येणे किंवा तो डॉक्टरांना सांगणे हा तर कधीच गुन्हा नव्हता.

दुसरी भीती नावाची. बाजारात पत जाईल, मुलीच्या स्थळाला अडचण येईल, असे वाटते. याच कायद्याचे कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा अधिकार देते. जिवाला धोका असल्यास तो टाळण्यापुरती माहिती संबंधितांना देण्याची मुभा डॉक्टरांना आहे. म्हणून पहिल्याच भेटीत “कोणत्या परिस्थितीत तुम्ही माझ्या घरी कळवाल?” असे निःसंकोच विचारावे. शिवाय आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ कोण असावा, हे प्रौढ व्यक्ती स्वतः लिहून देऊ शकते. तो घरातील कर्ता पुरुषच असला पाहिजे, असे नाही. विवाहित बहीण किंवा जिवलग मित्रही चालतो.

तिसरी भीती कोंडून ठेवले जाण्याची. मरणविचार येणाऱ्या बहुतेकांवर उपचार बाह्यरुग्ण विभागातच होतात. दाखल व्हावेच लागले, तर शक्यतो रुग्णाच्या संमतीनेच व्हावे, असा कायद्याचा रोख आहे. संमती देण्याच्या स्थितीत रुग्ण नसेल, तर दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी आणि प्रथमतः ३० दिवसांची मर्यादा आहे.

आपल्या समाजात आणखी एक नाजूक गोष्ट आहे. घरातील वृद्ध व्यक्ती “आता संथारा घ्यावासा वाटतो” असे म्हणते, तेव्हा त्यामागे वैराग्य आहे की एकाकीपणा व नैराश्य, हे पाहावे लागते. राजस्थान उच्च न्यायालयाच्या १० ऑगस्ट २०१५ च्या निर्णयानंतर संलेखना म्हणजे आत्महत्या नव्हे, हे आपण ठामपणे मांडले आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. आपल्या आचारशास्त्रात ‘मरणाशंसा’, म्हणजे लवकर मरण यावे ही इच्छा, संलेखनेचा अतिचार मानली आहे. तेव्हा दुःखाने, अपमानाने किंवा आजाराने कंटाळून आलेला मरणविचार व्रताच्या नावाखाली झाकू नये. तो पापाच्या भयानेही दडवू नये. अशा व्यक्तीला वैद्यकीय मदत मिळाली पाहिजे.

सांगावे कसे? शब्द साधे असावेत: “डॉक्टर, गेल्या काही दिवसांपासून मला आत्महत्येचे विचार येतात.” बोलवत नसेल, तर चिठ्ठीवर लिहून पुढे करावी. “कधी कधी कंटाळा येतो” अशी मोघम भाषा टाळावी. समुपदेशकाकडे जात असाल तर त्यांनाही सांगावे. औषधांची गरज वाटल्यास ते मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. एखाद्या डॉक्टरांनी नीट ऐकून घेतले नाही, तर दुसऱ्यांकडे जावे, पण बोलणे थांबवू नये.

कुटुंबीयांनी रुग्णाला डॉक्टरांशी थोडा वेळ एकट्याने बोलू द्यावे. काका, मोठे भाऊ, वहिनी अशा सर्वांसमोर कोणी मन उघडत नाही. “तुला काय कमी आहे?” हा प्रश्न तर विचारूच नये. ऐकून घ्यावे, सोबत थांबावे आणि पुढच्या भेटीला बरोबर जावे.

बेत ठरला असेल किंवा स्वतःवर ताबा राहील असे वाटत नसेल, तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नये. त्या व्यक्तीला एकटे न सोडता जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे. आपल्या शहरात घाटी रुग्णालय आहे. तातडीसाठी ११२ हा क्रमांक आहे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. हे क्रमांक दुकानातील व घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आजच नोंदवून ठेवावेत.