अफवा आणि आपला विश्वास



मागे एकदा परिपाठ संपल्यावर चौथीतला एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, पोट्टे चोरनारी टोळी आली म्हन्ते." मी विचारलं, "कोण म्हणते?" तो म्हणाला, "सारेच म्हन्तात." या 'सारेच'मध्ये नक्की कोण, ते वर्गात कोणालाच सांगता आलं नाही. अफवा असते ती अशीच. तिला पाय असतात, पण तोंड सापडत नाही.

तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? मग हे वाचा.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा गावात आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. भिक्षा मागून पोट भरणारी ही माणसं. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज मोबाईलवर आधीपासूनच फिरत होते. जमावाला यांच्यावर संशय आला. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन इतकं मारलं की पाचही जण गेले. त्यांनी कोणाचंही मूल पळवलं नव्हतं.

त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावरून मूल उचलून नेतात, असं त्यात दिसायचं. मुळात तो पाकिस्तानातल्या कराचीमधला, मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करणारा व्हिडिओ. शेवटी ते दोघं मूल परत आणून देतात. पण तो शेवटच कोणीतरी कापून टाकला! चित्र खरं होतं, सांगितलेली गोष्ट मात्र खोटी.

मग आपण विश्वास का ठेवतो?

१. भीती. लेकराचं नाव निघालं की आईबापाचा जीव थाऱ्यावर राहत नाही. विचार मागे पडतो.

२. पाठवणारा ओळखीचा असतो. मेसेज मामाने पाठवला, म्हणून खरा वाटतो. पण मामालाही तो कुणीतरी पाठवलेलाच असतो ना?

३. तेच तेच ऐकणं. एकच गोष्ट दहा ग्रुपवर आली की दहा साक्षीदार मिळाल्यासारखं वाटतं. खरं तर मेसेज एकच असतो.

४. "हे बातम्यांत दाखवणार नाहीत," हे वाक्य. ते एकदा मनात बसलं की पोलिसांनी खुलासा केला तरी तोही खोटाच वाटतो. सर्वात घातक हेच.

जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आणायचं ठरवलं. पण खरी मर्यादा आपल्या अंगठ्यावर हवी.

आपण काय करावं?

मेसेजमध्ये तारीख, गावाचं नाव, पोलीस ठाण्याचं नाव आहे का बघा. नसेल तर पुढे पाठवू नका. संशय आलाच तर ११२ वर फोन करा. मुलाला मदत हवी असेल तर १०९८ आहे. हात मात्र कोणावरही उचलू नका.

वर्गातील उपक्रम : मुलांना रांगेत बसवून कानगोष्ट खेळा. आमच्या वर्गात "उद्या बाजारात बैल येणार" हे वाक्य शेवटच्या मुलापर्यंत जाता जाता "बाजारात बैलाने माणूस मारला" असं झालं. मुलं पोट धरून हसली. मग मी त्यांना राईनपाड्याची गोष्ट सांगितली. वर्ग एकदम शांत झाला.

आपल्या अनसिंगच्या बाजारातही बाहेरगावची माणसं येतात. बहुरूपी येतो, नंदीबैलवाला येतो. तो आपल्या भरवशावरच गावात पाऊल टाकतो. तो भरवसा मोडू नये, एवढं तर आपल्या हातात आहे ना?