‘टक’ वाजतं, सेल्फ फिरत नाही

मेव्हण्याची पिकअप 14 वर्षांची. जुन्नर तालुक्यातल्या मळ्यातून टोमॅटोचे क्रेट भरून ती नारायणगावच्या बाजारात जाते. घरून निघताना एका चावीत सुरू होणारी ही गाडी बाजाराच्या रांगेत बंद केली, की दहा मिनिटांनी चावी फिरवल्यावर नुसती ‘टक’ करायची. अर्ध्या तासाने, जणू काही झालंच नव्हतं अशी, चालू. गॅरेजात नेली की तिथे दोष दिसत नसे. दोन महिन्यांत बॅटरी नवी आली, सेल्फ उघडून कार्बन आणि बुश बदलले. दुखणं तसंच राहिलं.

अधूनमधून येणारा दोष सुटे भाग बदलून शोधता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. दोष दिसतो आहे त्या घडीलाच तो मोजावा लागतो.

चावी फिरवली की आधी बारीक वायरीतून सोलेनॉइडला वीज जाते. त्यातली कॉइल लोखंडी दांडा ओढते. त्या दांड्यामुळे सेल्फची चक्री फ्लायव्हीलच्या दात्यांत बसते आणि जाड तांब्याचे संपर्कबिंदू जुळतात. ‘टक’ हा आवाज तिथला. त्यानंतर बॅटरीपासून आलेल्या जाड केबलमधून डिझेल इंजिन फिरवण्यासाठी 200 अँपियर किंवा त्याहून जास्त प्रवाह वाहतो. म्हणजे मार्ग दोन आहेत, एक हुकमाचा आणि एक ताकदीचा. ‘टक’ येतच नसेल तर इग्निशन स्विच, रिले, फ्यूज असा हुकमाचा मार्ग तपासायचा. ‘टक-टक-टक’ अशी माळ लागली तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनल सैल असतं. एकच ठसठशीत ‘टक’ आला आणि पुढे शांतता, तर ताकदीच्या मार्गात कुठेतरी अडथळा आहे किंवा सेल्फ आतून गेला आहे.

यातही हेडलाइट मदत करतात. ते लावून चावी फिरवा. दिवे अगदी मिणमिणते झाले तर बॅटरी दमलेली आहे किंवा सेल्फ जाम आहे. दिवे तसेच लखलखीत राहिले, तर प्रवाह सेल्फपर्यंत पोचतच नाही. मेव्हण्याच्या गाडीचे दिवे हलले नव्हते. नवी बॅटरी घेण्याआधी एवढं पाहिलं असतं, तर तो खर्च वाचला असता.

शेवटी गावातल्या एका जुन्या वायरमनकाकांनी गाडी हातात घेतली. त्यांनी आधी ती वीस किलोमीटर पळवली आणि बंद करून दहा मिनिटं उभी केली. इंजिन बंद झालं की पंखा आणि पाणी दोन्ही थांबतं, वारा लागत नाही, म्हणून बॉनेटखालची उष्णता काही काळ उलट वाढते. तांबं तापलं की त्याचा रोधही वाढतो, दर अंशाला साधारण 0.4 टक्के. पण खरा घोटाळा सांध्यांवर होतो. तापल्यावर ढिला सांधा आणखी ढिला पडतो.

तापलेल्या गाडीत ‘टक’ झाली तेव्हा काकांनी मीटर व्होल्टवर ठेवला. एक टोक बॅटरीच्या प्लसच्या खांबावर, दुसरं सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चावी मेव्हण्याच्या हातात. चांगल्या केबलवर इथे अर्धा व्होल्टही दिसू नये. मीटरने 10च्या वर दाखवलं. बॅटरीचे जवळजवळ सगळे व्होल्ट त्या केबलमध्येच अडकत होते.

हीच केबल आधीच्या गॅरेजात रोधाच्या मीटरने ‘ओके’ ठरली होती. तो मीटर अगदी क्षीण प्रवाह सोडतो. दोन-चार शाबूत तारांतूनही तो सहज पार होतो आणि शून्याजवळ आकडा दाखवतो. 200 अँपियरला मात्र 0.01 ओहमचा रोधसुद्धा 2 व्होल्ट खातो. म्हणून केबल भाराखालीच तपासायची. परतीच्या वाटेलाही हाच नियम आहे. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, तेव्हा अर्थिंगची पट्टी तुटली तर प्रवाह ॲक्सिलरेटरच्या केबलीतून वाट काढतो आणि ती हाताला चटका देते. काकांनी बॅटरीचा मायनस आणि इंजिनाचा धातू यांच्यामध्येही मीटर लावला. तिकडे सगळं ठीक होतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. अशा वेळी गाडीखाली जाऊन पान्याने सेल्फ शॉर्ट करू नका. गाडी गिअरमध्ये असली तर ती अंगावर चालून येते.

काकांनी आधी मायनस, मग प्लस काढून केबल सोडवली. सेल्फकडच्या थिंबलवरची रबरी टोपी मागे सारली, तर आत तांब्याचा हिरवट-काळा भुगा. बाहेरून ती केबल नव्यासारखी दिसत होती. नवी केबल टाकून, गाडी पुन्हा तापवून त्यांनी मोजलं, 0.3. मेव्हण्याने तो आकडा बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवला आहे, पुढच्या पावसाळ्यानंतर ताडून पाहायला.