पाण्याला इंधनाचा वास आला, तर विश्वास परत कसा येतो?



नळाच्या पाण्यात डिझेल किंवा पेट्रोल मिसळले, तर ते काढून टाकणे हे अभियंत्यांचे काम. पण पाणी स्वच्छ झाल्यावर घरातली आई ते बाळाला द्यायला तयार होते का, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर शोधताना अलीकडची एक घटना उपयोगी पडते.

कॅनडाच्या उत्तर भागात नुनावुत प्रदेशाची राजधानी इकालुइट आहे. वस्ती सात-आठ हजारांची आणि बाहेरून येणारा रस्ता नाही. ऑक्टोबर २०२१ च्या सुरुवातीला तिथे नळाच्या पाण्याला इंधनाचा वास येऊ लागला. सुरुवातीच्या तपासणीत काही आढळले नाही, म्हणून पालिकेने पाणी ठीक असल्याचे सांगितले. १२ ऑक्टोबरला मात्र शुद्धीकरण केंद्राच्या एका टाकीत इंधन असल्याचा संशय बळावला आणि पाणी पिऊ नका, असा आदेश निघाला. उकळूनही नाही, कारण उकळल्याने जंतू मरतात, इंधन जात नाही. लोक नदीवरून पाणी आणू लागले, विमानाने बाटल्या आल्या, लष्करानेही पाणी शुद्ध करणारी यंत्रे आणली. आदेश उठला तो १० डिसेंबरला.

त्याच महिन्यांत अमेरिकेत हवाई बेटांवर नौदलाच्या इंधनसाठ्यातून गळती होऊन तळाच्या विहिरीचे पाणी बिघडले. तळप्रमुखांनी आधी ‘आम्हीही हेच पाणी पितो’ असे कळवले आणि पुढे त्यांना माफी मागावी लागली. होनोलुलूच्या पाणीपुरवठा मंडळाने मात्र खबरदारी म्हणून आपली जवळची विहीर स्वतःहून बंद केली.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. बँकेबद्दल अफवा उठली, की ‘पैसे सुरक्षित आहेत’ असा फलक लावून रांग ओसरत नाही. काउंटर चालू ठेवावे लागते आणि मागेल त्याला पैसे द्यावे लागतात. ग्राहक साहेबांच्या शब्दापेक्षा पासबुकातली नोंद पाहतो. पाण्याचेही तसेच आहे. माझ्या मते या नोंदी लोकांपुढे याव्यात:

१. तक्रार. वास आला असे चार घरे सांगत असतील, तर अहवाल येईपर्यंत ते खरे धरून चालावे.

२. कारण. इकालुइटमध्ये केंद्राशेजारी जमिनीत १९६२ सालची इंधनाची टाकी सापडली. इंधन आले कुठून हे कळल्याशिवाय ‘आता येणार नाही’ यावर कोण विश्वास ठेवील?

३. अहवाल. नमुना कोणत्या तारखेला, कोणत्या नळावरून घेतला, काय आढळले, मर्यादा किती. तपासणी पालिकेबाहेरच्या प्रयोगशाळेची असावी.

४. घरापर्यंतची सफाई. मुख्य जलवाहिनी धुतली तरी घरची टाकी आणि पाइप राहतात. ते कसे धुवायचे, हे सांगायला हवे.

५. पुढची खबर. जानेवारी २०२२ मध्ये इकालुइटला पुन्हा वासाच्या तक्रारी आल्या. तेव्हा केंद्र वगळून पाणी दिले गेले आणि या वेळी ते उकळून प्या, अशी सूचना आली. आधी उकळून उपयोग नाही, आता उकळा! शुद्धीकरण वगळल्यामुळे आता भीती जंतूंची होती, हे कारण सोबत सांगितले नाही तर लोक गोंधळणारच.

हे आपल्यापासून फार दूरचे नाही. पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळली, तर इंधन बोअरवेलपर्यंत जाऊ शकते. प्लॅस्टिकच्या पाइपमधूनही पेट्रोल आत झिरपू शकते. पाणी ठरावीक वेळीच सुटते, तिथे दाब नसताना फुटक्या पाइपमध्ये बाहेरची घाण ओढली जाते.

तेव्हा सभासदांनी एवढे करावे. इंधनाचा वास आला तर ते पाणी पिऊ नये, स्वयंपाकाला घेऊ नये, उकळू नये. घरच्या फिल्टरवर विसंबू नये. शेजाऱ्यांकडे चौकशी करून पालिकेकडे लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी आणि अहवालाची प्रत मागावी. ‘पाणी चांगले आहे’ असे तोंडी सांगितले, तर कोणत्या तारखेच्या तपासणीवरून, हे नम्रपणे विचारावे.